गृहीत धरलेला उपास

नारखेडे सरांना "काय सर, बरं आहे ना?" असं विचारायची सोय नव्हती. तुम्ही-आम्ही "बरं आहे" म्हणून पुढे सरकतो. सर थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "बरं म्हणजे काय गृहीत धरून विचारताय?" विचारणारा बिचारा पांझरेच्या पुलावर सायकल धरून उभा, मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, आणि याने आता गृहीत सांगायचं. पुढच्या वेळी तो लांबूनच नमस्कार करून सटकायचा.

धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवत आणि मी रसायनशास्त्र. ते मूळचे सावद्याकडचे, केळीच्या पट्ट्यातले. उंच, किडकिडीत, चालताना किंचित पुढे झुकलेले. शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे साठत, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट डाव्या बाजूला पांढरा झालेला असे. पोरांना ते सांगत, "उत्तर चुकलं तर दोन मार्क जातात. गृहीत चुकलं तर सगळं जातं." पोरं पाठीमागे त्यांना 'गृहीत सर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा कयास आहे.

आमची ओळख तशी स्टाफरूममधल्या चहापुरती होती. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात एक दिवस ते रिकामी बाटली घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "सोनवणे, बेनेडिक्टचं द्रावण करून द्याल?"

मला थट्टा करायची खोड. मी म्हणालो, "का हो, कुणाची लघवी तपासायला घेतलीत?"

"मीनाची," ते म्हणाले.

मीना त्यांची एकुलती एक मुलगी. वय नऊ. महिनाभरात ती वाळून काडी झाली होती, तांब्याने पाणी प्यायची, आणि शेवटी बेशुद्ध पडली तेव्हा डॉक्टरांनी निदान केलं. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नव्हतं. आता जन्मभर रोज दोन वेळा सुई. माझी जीभ मी त्या दिवशी चावली ती चावलीच. पुढे आठ-नऊ वर्षं त्यांच्या घरी ते निळं द्रावण माझ्याच हातचं गेलं.

तेव्हा घरच्या घरी रक्तातली साखर बघायचं यंत्र आमच्या धुळ्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, नारिंगी झालं तर साखर चढत्या क्रमाने, आणि विटकरी झालं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरत. सरांचा या रंगांवर राग होता. ते म्हणत, "सोनवणे, ही शिळी बातमी आहे. गेल्या तीन-चार तासांत काय झालं ते ही सांगते. मला आत्ता काय चाललंय ते पाहिजे. आणि तासाभराने काय होणार ते पाहिजे."

तिथून ती वही सुरू झाली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, वर काही नाव नाही. त्यात दोन समीकरणं होती, एक साखरेचं आणि एक इन्सुलिनचं. मला गणिताची भीती, म्हणून त्यांनी मला आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरून समजावलं होतं. आपल्याकडे आखाजीला पोरी झोका खेळतात तसंच हे. जेवलो की साखरेचा झोका वर जातो. इन्सुलिन त्याला मागे ओढतं. झोका जरा जास्तच मागे येतो, मग इन्सुलिन हात सैल सोडतं. असं दोन-तीन वेळा होऊन झोका आपल्या जागी थांबतो. तुमच्या-माझ्या पोटात हे रोज होतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

"आणि मीनाचं?" मी विचारलं.

"तिच्या झोक्याला ओढणारंच कुणी नाही. आपण बाहेरून सुईने ओढतो. एकदा ओढलं की तो हात सोडता येत नाही. पोरगी जेवली असो की नसो, तो ओढतच राहतो."

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता. मीच उठून खिडकीपाशी गेलो.

समीकरणात घालायला आकडे हवेत. पुस्तकांत सापडले ते पाव-लोण्याचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी रक्तात किती वेळाने उतरते हे जगातल्या कुठल्या पुस्तकात असणार? मग सरांनी स्वतःवरच सुरू केलं. रविवारी सकाळी उपाशीपोटी कॉलेज रस्त्यावरच्या तपासणीवाल्याकडे जायचं, घरून तोलून नेलेली एक भाकरी तिथल्या बाकावर खायची आणि दर अर्ध्या तासाने रक्त द्यायचं. एका रविवारी भाकरी, पुढच्या रविवारी भात, त्याच्या पुढच्या रविवारी केळं. केळ्याचेही दोन रकाने होते, एक हिरवट देठाचं आणि एक काळे ठिपके पडलेलं. दोन्ही दंडांवर निळे डाग पडले. सुमनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी सांगा यांना. मुलीला दोन सुया, अन् यांना दहा." मीना मात्र वहीत डोकावून म्हणाली होती, "केळ्याच्या गावचे आपण, अन् मला केळं गणितातच खायला मिळतं."

एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वरण-बट्टी होती. सर मीनाच्या शेजारी बसले आणि तिच्या पानातल्या बट्ट्या मोठ्याने मोजू लागले. "दीड. बस. तूप घाल, चालेल. अर्धी परत कर." नवरीच्या काकांना वाटलं, पाहुणा आमच्या वाढण्यावर नजर ठेवून आहे. ते जे रुसले, ते समजूत घालता घालता आम्हाला चार वाजले. सरांना मात्र काय बिघडलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणाले, "मी मोजू नये, असं ते कशावरून गृहीत धरतात?"

तीन वर्षांत ती समीकरणं मीनावर बसू लागली. सर पंधरा-पंधरा मिनिटांच्या पायऱ्या करत लॉगच्या कोष्टकावरून हिशेब करायचे, सकाळी साडेसातला सुई, आठला एवढी भाकरी, मग साडेनऊला इतकी साखर, पावणेबाराला इतकी. महिन्यातून एकदा रक्त तपासून ताडून बघत. आकडा पाच-दहाच्या फरकाने जुळायचा. त्यावरच ते पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होते. तीन प्रकरणं झाली होती, चौथं चालू होतं. मला त्या माणसाचा अभिमान वाटायचा, आणि थोडा हेवाही. आमच्यासारखे बाकीचे नोट्स वाचून दाखवून पगार घेत होते.

शहाऐंशीच्या आखाजीला मीना आईबरोबर मामाच्या गावी गेली. सावद्यापासून आत, तीन-चार मैलांवर. सुमनताई आठवड्याने परतल्या. मीना हट्ट करून मागे राहिली. बारा वर्षांची झाली होती, स्वतःची सुई स्वतः टोचायला शिकली होती. सरांनी मामाला दोन पानं भरून सूचना लिहून दिल्या होत्या. त्यात एक अशी, की मध्येच एकदा तालुक्याच्या डॉक्टरकडून उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावं.

कॉलेजात परीक्षा चालू होत्या. एके दिवशी सकाळी आठच्या सुमाराला ऑफिसात ट्रंककॉल आला. मी तिथेच उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजत होतो. मामा सावद्याच्या पोस्टातून बोलत होते, आणि त्या काळी ट्रंककॉलवर माणसं अशी ओरडत की टेलिफोनची गरज काय असा प्रश्न पडावा. त्यामुळे पलीकडचं सगळं मलाही ऐकू आलं.

"पाव्हणे, काळजी करू नका. परवा रक्त तपासलं. उपाशीपोटीची दोनशे अडुसष्ट आली. डॉक्टरनं डोस वाढवून देला. आज सकाळपासून दहा जास्त."

"दोनशे अडुसष्ट?" सर म्हणाले. "शक्य नाही. ती दीडशेच्या वर असूच शकत नाही. काय खाल्लं होतं तिने?"

"काही नाही हो. उपास होता."

"उपास म्हणजे?"

"उपास म्हणजे उपास. एकादशीच होती परवा. हिच्या मामीनं सकाळी सहालेच भगर करून देली, वर दोन केळी. अन्नाचा कण नाही तोंडात."

आणि लाइन तुटली.

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या हातात रिसीव्हर तसाच होता. डॉक्टर म्हणाले असणार, उपाशीपोटी या. मामीने ऐकलं, उपास करून या. भगर आणि केळी खाऊन पोरगी तपासणीला गेली. त्या बिचाऱ्या डॉक्टरने समोर आलेल्या आकड्यावरून डोस वाढवला. कुणाचं काही चुकलं नव्हतं. आपल्यात उपास म्हणजे न खाणं नव्हेच, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी सकाळी साडेसातला मीनाच्या अंगात दहा युनिट जास्तीची गेली होती, साखर आता खाली खाली जाणार होती, आणि ती युनिटं परत काढून घ्यायची सोय नव्हती.

गावात फोन नव्हता. मामा पोस्टातून निघून आपला केळीचा माल भरायला ट्रकमागे गेले असणार. सरांनी तालुक्याच्या डॉक्टरसाठी अर्जंट कॉल लावायला सांगितला. एक्स्चेंजवाला म्हणाला, तासभर लागेल, जास्तही. आमचे शिपाई भिका आबा खुर्ची ओढून फोनपाशी बसले. "सर, तुम्ही निंघा. मी आठेच बठस. लाइन लागनी का सांगी देसू."

पावणेनऊची जळगाव गाडी आम्ही धावत पकडली. एकट्याने जाऊ द्यायची ती वेळ नव्हती, म्हणून मी बरोबर. सरांनी पिशवीतून वही काढली, कोष्टक मांडीवर ठेवलं आणि हिशेब सुरू केला. मे महिन्याचं ऊन, खिडकीतून भट्टीसारखा वारा, गाडी खड्ड्यात आदळली की आकडा वेडावाकडा व्हायचा. पारोळ्याच्या स्टँडवर ते म्हणाले, "आत्ता एकशे बारा." एरंडोल आलं तेव्हा म्हणाले, "ब्याऐंशी. अजून हसत-खेळत असेल." जळगावला उतरून आम्ही टॅक्सी केली. टॅक्सीचं दार लावताना ते म्हणाले, "साठ. हात थरथरत असतील." भुसावळला मी वाट पाहिली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, त्याच्याभोवती चौकट काढली आणि वही मिटली.

मीनाच्या मामाच्या ओसरीवर आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा होत होते. मामी तांदूळ निवडत होत्या. आम्हाला बघून चकितच झाल्या.

"अगंबाई, पाव्हणे! अशा उन्हाचे कसे काय आले?"

"मीना कुठे आहे?"

"झोपली न. जेवाले उठवत होती तर उठेना. परवाच्या उपासानं गळाली पोर. मी म्हटलं, झोपू द्या तिले."

मधल्या खोलीत ती चटईवर पडली होती. घामाने फ्रॉक भिजलेला, दातखीळ बसल्यासारखी. सरांनी तिला कुशीवर वळवलं, साखरेत थोडं पाणी कालवून लगदा केला आणि बोटाने तिच्या गालाच्या आतून चोळत राहिले. मला म्हणाले, "डॉक्टर." मी कुणाची तरी सायकल घेतली. गावातच एक तरुण डॉक्टर नुकताच बसू लागला होता. पंधरा मिनिटांत मी त्याला बॅगेसकट घेऊन आलो. त्याने ग्लुकोजची मोठी सुई भरली, दंड बांधला, आणि तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा. आधी रक्ताचा नमुना घ्या."

डॉक्टरने नमुना घेतला. दहा सेकंद लागले असतील. मग ग्लुकोज आत गेलं. सुई निघायच्या आत मीनाने डोळे उघडले. तिने आधी मला पाहिलं, मग वडलांना. त्यांना ती 'भाऊ'च म्हणायची. म्हणाली, "भाऊ, तुमचे पेपर संपले?"

मामी भिंतीशी बसून रडू लागल्या. "मी तर सैंधव बी वेगळं घातलं होतं व," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सर त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं काही चुकलं नाही. मी कागदावर 'उपाशीपोटी' लिहिलं. पाण्याशिवाय काही नको, असं लिहायला हवं होतं." भिका आबांचा कॉल दुपारी दोनला लागला, म्हणजे मीना वरण-भात खाऊन भावंडांशी भांडत होती तेव्हा.

नमुन्याचा आकडा दुसऱ्या दिवशी सावद्याहून आला. एकतीस. परतीच्या गाडीत मी सरांना म्हणालो, "बघू वही." त्यांनी दिली. चौकटीत तेहतीस लिहिलेलं होतं. मी वेड्यासारखा त्यांचा हात धरून हलवला. म्हणालो, सर, हे छापा, हे मोठं काम आहे, तुमच्या या हिशेबाने पोरगी वाचली.

ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "सोनवणे, मी नमुना का मागितला?"

"का म्हणजे? तसा नियमच आहे. डॉक्टरही तेच म्हणाला."

"डॉक्टरने मागितला असता तर नियम. मी मागितला. पोरगी समोर तशी पडलेली, आणि मला आकडा पाहिजे होता. दहा सेकंद, सोनवणे. आणि भुसावळला, चौकट काढताना, एक क्षण मला वाटलं, हे बरोबर यावं."

मी पुष्कळ समजावलं. एवढ्या टोकाला माणसाचं मन ठिकाणावर नसतं, असंही म्हणालो. ते फक्त मान हलवत राहिले.

प्रबंध त्यांनी पुरा केला नाही. मार्गदर्शकांची दोन पत्रं आली, मग तीही थांबली. मला त्याचा अतिशय राग आला. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. हाताशी आलेलं काम कुणी असं टाकतं? पण वही त्यांनी टाकली नव्हती. रोज संध्याकाळी ते मीनाला तीच समीकरणं शिकवत होते. त्या दिवसापासून वहीत अक्षर तिचं. आकडा काढायची ती, सर फक्त पायरी तपासायचे. चौदाव्या वर्षी ती कोष्टकाशिवाय अंदाज सांगू लागली.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हा सरांनी तिला त्या दहा सेकंदांचं सांगितलं. मी तेव्हा निळं द्रावण पोचवायला गेलो होतो आणि दारातच अवघडून उभा राहिलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आलं का बरोबर?"

"दोनने चुकलं."

"म्हणजे पास की," असं म्हणून ती खळखळून हसली. सुमनताईही हसल्या, मीही हसलो. सर हसले नाहीत. ते उठून मागच्या अंगणात गेले. मीना त्यांच्यामागे गेली. तिथे दोघांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण परत आले तेव्हा सरांचे डोळे लाल होते आणि मीनाने त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरलेली होती.

बारावीनंतर ती जळगावला शिकायला गेली. वसतिगृहात राहणार होती. सुमनताईंनी महिनाभर आधीपासून अन्नपाणी सोडल्यासारखं केलं होतं. स्टँडवर गाडी लागली तेव्हा मीनाने वडलांकडून एक वचन मागून घेतलं. "भाऊ, आता मला विचारायचं नाही. साखर किती, काय खाल्लं, सुई घेतली का, पत्रात नाही, फोनवर नाही. मला सांगावंसं वाटेल तेव्हा मी सांगीन." मला वाटलं, सर आता गृहीत विचारणार. ते म्हणाले, "बरं." मग त्यांनी तिची बॅग वर ठेवली आणि गाडी सुटेपर्यंत तिच्याकडे न बघता कंडक्टरशी बोलत राहिले.

त्यांनी तो शब्द पाळला. सुमनताईंनी मला सांगितलं, पत्रात ते हवापाणी लिहितात, पुलाचं काम लिहितात, पोरांच्या निकालाचं लिहितात. ती सुट्टीला आली की जेवणाच्या पानाकडे बघतही नाहीत. मीना चांगलं शिकत होती. अधूनमधून तिची साखर खाली-वर होत असणारच. ते घरी कळत नव्हतं.

चौऱ्याण्णव साली मी निवृत्त झालो. मुलाकडे नाशिकला जायचं ठरलं होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचे निरोप घेत फिरलो आणि सरांसाठी म्हणून वरच्या मजल्यावर गेलो. त्यांचा तास चालू होता. पाच मिनिटं राहिली असतील म्हणून मी दाराबाहेर थांबलो. बारा वाजत आले होते. सर फळ्यावर लिहीत होते, ऐंशी पोरांचा वर्ग, पंख्यांचा खडखडाट. समीकरण अर्धं झालं होतं, बरोबरचं चिन्ह काढून झालं होतं, आणि सर थांबले.

मला वाटलं, पुढची पायरी आठवत नाहीये. तसं त्यांचं कधी होत नसे. त्यांनी खडू खाली केला आणि फळ्याकडेच तोंड करून उभे राहिले. पुढच्या बाकावर कुणी नवीन पोरगा असावा, तो शेजाऱ्याला काहीतरी विचारू लागला. शेजाऱ्याने त्याचा दंड दाबला आणि म्हणाला, "गप ऱ्हाय. सर थांबेल शेतस. रोज थांबतस." सगळा वर्ग निमूट बसला होता. का थांबतात, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. सकाळच्या सुईचा जोर जेवणाच्या आधी सगळ्यात जास्त असतो, आणि शंभर किलोमीटरवर ती कुठल्यातरी वर्गात बसली असणार, आणि विचारायचं नाही असं त्यांनी कबूल केलं होतं.

अर्धं मिनिट गेलं असेल. मग त्यांनी खडू उचलला आणि उरलेलं समीकरण लिहिलं. मी आत गेलो नाही. जिना उतरून खाली आलो आणि निरोप न घेताच घरी गेलो.